खबरदारराव आणि कोंबड्यांचा ताप

महाराष्ट्राच्या नागरी समाजात साथीच्या बातमीबरोबर उगवणारे आणि बातमीबरोबरच मावळणारे एक गृहस्थ आढळतात; समाजशास्त्राने त्यांची नोंद अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. विवेचनाच्या सोयीसाठी त्यांना ‘खबरदारराव’ म्हणता येईल. त्यांचे वय पन्नाशीच्या पुढचे असते, शिक्षण बरे झालेले असते, नोकरीचा विज्ञानाशी संबंध आलेला नसतो आणि गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत त्यांनी एकदा तरी चिटणीसपद भूषविलेले असते. नोटिसा लिहिण्याची सवय त्यांना तेथेच जडते. रविवारी सकाळी ते कोंबडीवाल्याच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे असतात आणि सोमवारी रात्री दूरचित्रवाणीपुढे बसून त्याच कोंबडीला मानवजातीचा शत्रू ठरवितात. हे मतपरिवर्तन कसकसे घडत जाते, याचा अभ्यास २००६ सालच्या बर्ड फ्लूच्या आधारे उत्तम करता येतो, कारण आपले सारे गुण एका महिन्यात प्रकट करण्याची संधी खबरदाररावांना त्या वर्षी लाभली.

त्यापूर्वी रोगाची थोडी ओळख करून घेणे इष्ट आहे. बर्ड फ्लू म्हणजे पक्ष्यांना होणारा इन्फ्लुएंझा. या गटातील विषाणूंच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज अशी दोन प्रथिने असतात. पहिल्याच्या साह्याने विषाणू पेशीत शिरतो आणि दुसऱ्याच्या साह्याने पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर सुटतात. या प्रथिनांच्या प्रकारांना क्रमांक दिलेले असून त्यांच्या जोडीवरून ‘एच५एन१’ यासारखी नावे पडतात. रानबदके आणि इतर पाणपक्षी हे या विषाणूंचे नैसर्गिक आश्रयस्थान, कोंबड्या हे त्यांचे भक्ष्य आणि माणूस हा अधूनमधून सापडणारा अनाहूत पाहुणा होय. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ माणसांना एच५एन१ विषाणूची बाधा झाली, त्यांपैकी सहा जण दगावले आणि त्या वर्षअखेरीस तेथील प्रशासनाने शहरातल्या साऱ्या कोंबड्या मारून टाकण्याचा निर्णय घेतला. २००३ पासून जगभरात ९०० हून अधिक माणसांना एच५एन१ ची बाधा झाल्याची नोंद असून त्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे मरण पावली आहेत. मात्र यांतील बहुतेक रुग्ण आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांच्या थेट सहवासात आलेले होते, आणि हा विषाणू माणसाकडून माणसाकडे सहजपणे पसरू लागलेला नाही. तसे पसरणे साध्य झाले आणि अनेक देश एकाच वेळी ग्रासले गेले, तर त्या स्थितीला महासाथ म्हणतात. १९१८ सालचा इन्फ्लुएंझा ही तिची सर्वांत भीषण आठवण आहे. खबरदारराव हा सारा मजकूर वाचावयास घेतात, परंतु ‘निम्मी माणसे मरण पावली’ येथपर्यंत येताच ते वर्तमानपत्राची घडी घालून शेजाऱ्यांकडे जातात, आणि ‘मात्र’ या शब्दाने सुरू होणारे पुढचे वाक्य आयुष्यभर वाचावयाचे राहून जाते.

आकड्यांच्या बाबतीत त्यांचे औदार्य विशेष अभ्यसनीय आहे. सप्टेंबर २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इन्फ्लुएंझाविषयक समन्वयक डेव्हिड नाबारो यांनी, येऊ घातलेल्या महासाथीत ५० लाखांपासून १५ कोटींपर्यंत माणसे दगावू शकतील, असे विधान केले. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने २० लाख ते ७४ लाख हा अंदाज अधिक ग्राह्य असल्याचे स्पष्ट केले. भाजीवालीशी आठ आण्यांसाठी हुज्जत घालणारे खबरदारराव येथे मात्र अजिबात घासाघीस करीत नाहीत. सांगितलेल्यांपैकी सर्वांत वरचा आकडा, म्हणजे १५ कोटी, ते एका शब्दात मान्य करतात आणि त्याखाली येणाऱ्या प्रत्येक आकड्यास ‘सरकार दडवतंय’ असा शेरा देतात.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांमध्ये एच५एन१ आढळल्याचे जाहीर झाले. भारतातील हा पहिलाच उद्रेक होता आणि त्यावर शिक्कामोर्तब भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेने केले होते. स्थानिक कुक्कुटपालकांचे म्हणणे, कोंबड्या राणीखेत रोगाने, म्हणजे खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणून परिचित असलेल्या जुन्याच आजाराने मरत आहेत, असे होते. प्रशासनाने बाधित ठिकाणापासून तीन किलोमीटरपर्यंतचे सर्व पाळीव पक्षी मारण्याचे आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवण्याचे ठरविले. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरील ही सीमारेषा विषाणूला दिसत नसल्यामुळे लगतच्या उच्छल परिसरातही हीच कारवाई करावी लागली. वृत्तवाहिन्यांवर पांढऱ्या पोशाखातील, तोंड झाकलेली माणसे कोंबड्या पोत्यांत भरताना अहोरात्र दिसू लागली, आणि ते दृश्य दिवसातून तीस वेळा दाखविल्यामुळे उद्रेक तीस ठिकाणी झाला असावा, असा खबरदाररावांचा प्रामाणिक समज झाला.

त्यांचा मुक्काम त्या वेळी पुण्यात, म्हणजे नवापूरपासून शेकडो किलोमीटरवर होता. परंतु त्यांच्या भीतीची त्रिज्या सरकारी त्रिज्येवर अवलंबून नसते. ती घरातल्या दूरचित्रवाणी संचापासून मोजली जाते. त्यातच नवापूर भागातील आजारी माणसांचे नमुने तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे येऊ लागल्याने त्यांची मोठी पंचाईत झाली. १९५२ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्या गावात आहे याचा त्यांना सार्थ अभिमान होता, आणि विषाणू बंद डब्यातून का होईना पण पुण्याकडेच निघाला आहे, ही गोष्ट त्यांना मुळीच पसंत नव्हती. ते नमुने निर्दोष ठरल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी ती अविश्वासाने ऐकली, कारण अभिमान संस्थेविषयी होता, तिच्या निष्कर्षांविषयी नव्हे.

घरगुती उपाययोजनेचा टप्पा यानंतर येतो. पहिल्या दिवशी कोंबडी वर्ज्य झाली, दुसऱ्या दिवशी अंडी, तिसऱ्या दिवशी अंडे घातल्याच्या संशयावरून केक आणि चौथ्या दिवशी गृहसंस्थेच्या फलकावर लागलेल्या नोटिशीद्वारे बॅडमिंटनचे पिसांचे फूल. जे श्रावणाला कधी साधले नव्हते, ते वृत्तवाहिन्यांनी माघात साधून दाखविले. त्या घरात मांसाहार इतक्या निष्ठेने कोणत्याही देवासाठी बंद झाल्याची नोंद नाही. सौभाग्यवतींनी ‘अहो, पण कालचा रस्सा उरलाय, त्याचं काय करू?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी तो मोलकरणीस द्यावा असे सुचविले. या सूचनेतून त्यांच्या सार्वजनिक आरोग्यविषयक विचारांची मर्यादा स्पष्ट होते. मोलकरीण बाईंनी तो नेला आणि कुटुंबासह खाल्ला. त्यांना काही झाले नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. हा विषाणू ७० अंश सेल्सिअस तापमानाला सर्व बाजूंनी शिजलेल्या मांसात टिकत नाही, आणि मराठी घरात कोंबडी ज्या कुकरात चार शिट्ट्या होईपर्यंत शिजते, त्यातील तापमान १०० अंशांच्या वर जाते. खरी जोखीम आजारी पक्षी हाताळण्यात, तो कापण्या-सोलण्यात, आणि कच्च्या मांसाचे हात न धुता इतरत्र लावण्यात असते. परंतु हात धुण्याचा उपाय फुकट व कंटाळवाणा असल्यामुळे खबरदाररावांच्या नोटिशीत त्यास स्थान मिळाले नाही.

या काळात त्यांनी एक पोटसिद्धान्तही मांडला, तो असा की रोग केवळ पोल्ट्रीतील पांढऱ्या ब्रॉयलर कोंबडीस होतो आणि गावरान कोंबडी उकिरड्यावर वाढल्यामुळे काटक व म्हणून निर्धोक असते. वस्तुस्थिती याच्या उलट असण्याचा संभव अधिक, कारण बंदिस्त शेडमधील कोंबडीचा रानपक्ष्यांशी संबंध टाळता येतो, तर मोकळी फिरणारी कोंबडी ज्या डबक्यावर पाणी पिते तेथे रानबदकेही उतरू शकतात. तथापि गावरानचा भाव मुळातच जास्त असल्याने या सिद्धान्ताची प्रत्यक्ष चाचणी घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही.

औषधशास्त्राकडे ते वळले ते ‘टॅमीफ्लू’ या नावामुळे. ऑसेल्टामिव्हिर या द्रव्याचे हे व्यापारी नाव असून ते विषाणूवरील न्यूरामिनिडेज प्रथिनाला अडवते, त्यामुळे नवे विषाणू पेशीतून सुटू शकत नाहीत. सरकारने त्याचा साठा केला होता, पण नेहमीच्या औषधाच्या दुकानात ते सहजी मिळत नव्हते. ही टंचाई हाच त्याच्या गुणकारीपणाचा पुरावा, असे खबरदाररावांनी मानले. पुढे हे औषध चक्रीफुलातील शिकिमिक आम्लापासून तयार करतात, असे त्यांच्या वाचनात आले आणि चक्रीफूल तर घरच्या मसाल्याच्या डब्यातच निघाले. त्या दिवसापासून बटाट्याच्या रश्श्यात चक्रीफुलांचा वर्षाव होऊ लागला. शिकिमिक आम्ल हे औषधाचे कच्चे द्रव्य आहे, औषध नव्हे. त्याचे ऑसेल्टामिव्हिर होण्यासाठी अनेक रासायनिक टप्पे पार पडावे लागतात, आणि ते टप्पे फोडणीत पार पडत नाहीत.

या प्रकरणाचा शेवट बहुधा सुखाचा असतो. मागणी आटल्यामुळे कोंबडीचा भाव कोसळला आणि मटण व मासळीचा चढला. रेल्वेनेही आपल्या जेवणातून कोंबडी वगळली. तेव्हा कुक्कुट व्यावसायिकांनी ठिकठिकाणी चिकन महोत्सव भरविले आणि पुढाऱ्यांनी छायाचित्रकारांसमक्ष तंगड्या खाऊन दाखविल्या. खबरदारराव अशा महोत्सवास केवळ पाहणीसाठी गेले आणि पाहणी परिपूर्ण व्हावी म्हणून तिसऱ्यांदा वाढून घेतले. येथे त्यांच्या स्वभावाचा मूलभूत नियम हाती लागतो. कोंबडीचा भाव थोडा उतरला की त्यांचा संशय वाढतो, पण तो पुरेसा उतरला की विज्ञान त्यांना पटू लागते. ७० अंशांचा नियम मग तेच इतरांस समजावून सांगतात.

पुढील वर्षांत त्यांची उत्क्रांती होत गेली. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला, तेव्हा त्यांनी डुकराचे मांस सोडले. ते त्यांनी पूर्वी कधीही खाल्लेले नव्हते, परंतु त्याग हा त्याग होय. २०२० च्या आरंभी कोंबडीतून करोना पसरतो, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून फिरू लागली, तेव्हा ती पुढे पाठविण्याच्या वेगात त्यांनी तरुणांना मागे टाकले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या आणि राज्यात काही ठिकाणी कावळेही मरून पडले. त्या वेळी आवारात पडलेला एक मेलेला कावळा त्यांनी छत्रीच्या टोकाने उलटापालटा करून पाहिला, त्याचे छायाचित्र काढले, ते गटावर टाकले, आणि त्यानंतर महापालिकेस कळवावे की काय यावर चर्चा सुरू केली. तात्पर्य, शिजलेल्या कोंबडीला भिणारे गृहस्थ संशयास्पद पक्ष्याच्या प्रेताशी मात्र निर्धास्त होते. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातील एका मुलाचा दिल्लीत एच५एन१ ने मृत्यू झाला. या विषाणूने भारतात माणसाचा बळी घेतल्याची ती पहिली नोंद होती. पंधरा वर्षे जिची वाट पाहिली ती बातमी खरोखर आली, तेव्हा खबरदारराव करोनाच्या लसीच्या दुसऱ्या मात्रेच्या रांगेत होते आणि ती त्यांनी वाचली नाही.

येथवरचे वर्तन हास्यास्पद असले तरी त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे पाहिले म्हणजे हसू आवरते घ्यावे लागते. उद्रेकाच्या क्षेत्रात सरकार ज्या कोंबड्या मारते, त्यांची काही भरपाई मालकास मिळते; परंतु त्या क्षेत्राबाहेर, शेकडो किलोमीटरवर, ज्याच्या शेडमधील निरोगी पक्षी केवळ भीतीपोटी विकले जात नाहीत, त्याला काहीच मिळत नाही. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई असते, न खाल्लेल्या पक्ष्यांची नसते. ब्रॉयलर पक्षी सहा आठवड्यांच्या सुमारास विक्रीला आला की त्यापुढचा प्रत्येक दिवस खाद्याच्या खर्चाचा असतो, म्हणून ग्राहक महिनाभर रुसला तरी लहान कुक्कुटपालक कर्जात जातो. आणि त्याने खाद्य घेणे थांबविले की मका व सोयाबीन पिकविणाऱ्यासही झळ लागते. याहून घातक परिणाम असा की बातमी फुटताच बाजार बुडतो हे कळून चुकलेला पालक कोंबड्या मरू लागल्या तरी ती गोष्ट दडवू पाहतो, आणि खऱ्या साथीला हवा असलेला अवधी त्यामुळेच मिळतो. म्हणजे खबरदाररावांची खबरदारी महासाथ दूर ठेवीत नाही, तिची वाट थोडी सोपी करते.

महासाथीची शक्यता खोटी नाही, आणि सावध राहणारा मनुष्य मूर्खही नाही. दोष इतकाच की त्याची सावधगिरी ताटाशी सुरू होते आणि ताटाशीच संपते. यास्तव पुढील उद्रेकाची बातमी येईल तेव्हा वाचकांनी ती शेवटपर्यंत वाचावी, आजारी वा मेलेल्या पक्ष्यास हात न लावता पशुसंवर्धन विभागास कळवावे, कच्चे मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि रविवारची कोंबडी नीट शिजवून निःशंकपणे खावी. आपल्या इमारतीतील खबरदाररावांनाही जेवावयास बोलवावे. भाव उतरलेला असेल, तर ते नक्की येतील.