ग्राफवाला भाऊ

अमरावतीच्या साईनगरात नाहीतर अकोल्याच्या गोरक्षण रोडवर वरच्या मजल्यावरच्या खोलीचे पडदे भरदुपारी ओढलेले दिसले आणि आत कूलर घरघरत असला, की समजावं, इथं ग्राफवाला भाऊ राहतो. 2020च्या टाळेबंदीत पुण्याहून बॅग घेऊन आला, तो परत गेलाच नाही. नोकरी पुण्याची, सर्व्हर फ्रँकफर्टचे, जेवण आईच्या हातचं.

भाऊ सर्व्हर सांभाळतो, म्हणजे भिंतीवरच्या स्क्रीनवर त्यांच्या रेघा पाहतो. मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, नेटवर्कवर किती वाहतंय. सगळ्यांत लाडका आकडा लोड ॲव्हरेज. चार कोरच्या मशिनवर लोड चार म्हणजे सगळे हात कामात, आठ म्हणजे मागं रांग लागली, एवढं तो दूधवाल्यालाही समजावतो. लिनक्समध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेली कामंसुद्धा या आकड्यात धरतात, हे मात्र खास माणसांनाच सांगतो. मला सांगितलं आहे.

सर्व्हरची घड्याळं यूटीसीवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. भाऊचं पोटही त्याच वेळेला लावलेलं. आई खालून ओरडते, "काऊन रे, दोन वाजले, जेवाचं नाही काय?" वरून उत्तर येतं, "आत्ता कुठं साडेआठ झाले, आई!" फ्रँकफर्टच्या मशिनमध्ये किती जागा उरली ते भाऊला टक्क्यांत ठाऊक असतं. कूलरमधलं पाणी संपून तासभर झाला, हे आई वर येऊन सांगते.

भाऊचं दैवत स्वित्झर्लंडचं, टोबी ओटिकर नावाचं. या माणसानं इंग्लंडातल्या एका विद्यापीठात असताना, अख्ख्या विद्यापीठाला मिळून असलेली 64 किलोबिटची इंटरनेट लाइन किती भरते ते पाहायला 1995च्या सुमारास एमआरटीजी लिहिलं, आणि 1999मध्ये आरआरडीटूल. त्यातली खुबी अशी, की नोंदींची फाइल कधी फुगतच नाही. ताजे आकडे पाच-पाच मिनिटांचे राहतात, जुन्यांची सरासरी काढून ते अर्ध्या तासाचे, मग दिवसाचे होतात. वर्षाचा आलेख कसा गुळगुळीत दिसतो, हे भाऊनं एकदा कौतुकानं वडिलांना दाखवलं.

वडील निवृत्त तलाठी. त्यांनी चष्मा वर केला.

"सरासरी मले नोको सांगू. जुलैची सरासरी भरली म्हणून कागद वर जाये. अन् पाऊस? दोनच दिवस! एका दिवशी मंडळात 65 मिलिमीटरच्या वर, म्हणजे अतिवृष्टी, अन् मंग तीन हप्ते थेंब नाही. कपाशी आधी सडली, मंग वाळली. कागदावर पाऊसपाणी ठीक! तुया सर्व्हर दोन मिनिटं मेला, त या रेघेत दिसन काय?"

दिसणार नव्हता. तलाठ्यानं सर्व्हरबद्दल इतकं अचूक बोलावं, याचं मला नवल वाटलं. भाऊ मात्र रात्रभर झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी आरआरडीटूलचं जुनं सगळं काढून नोंदी ठेवायला प्रोमिथियस आलं, त्यावर रेघा काढायला ग्राफाना. आता दर 15 सेकंदांनी प्रत्येक मशिनची नाडी. प्रोमिथियस मुळात 15 दिवसांच्या नोंदी ठेवतं. भाऊनं आकडा बदलून वर्षभराच्या केल्या. सरासरी नाही, काटछाट नाही. अकोल्याचा मावसभाऊ, तोही याच जातीचा, खास पाहायला आला आणि आपल्याकडं दर 10 सेकंदांनी मोजतो म्हणून सांगून गेला. भाऊच्या मनाला ते लागलं.

पुढं व्हायचं ते झालं. एका रात्री सगळ्या रेघा एकदम थांबल्या. फ्रँकफर्टचे सर्व्हर ठणठणीत होते. रेघा काढणाऱ्या मशिनचीच डिस्क नोंदींनी भरली होती. सगळ्यांवर पहारा होता, पहारेकऱ्यावर नव्हता. जागा करून मशिन उठवल्यावर भाऊनं मला डिस्क भरत गेल्याचा आलेख दाखवला. एकसारखी चढण, कुठं खाच नाही, आणि शेंड्याला जाऊन तुटलेली. "पाहा, किती स्वच्छ डेटा आला," म्हणाला.

वडील खालून एवढंच म्हणाले, "बह्याड हाय."

बाकी पोरगा निर्व्यसनी आहे, पगार एक तारखेला जमा होतो, आईवडिलांजवळ राहतो. अमरावती-अकोल्यात ओळखीचं स्थळ असेल तर जरूर कळवा. पाहण्याचा कार्यक्रम मात्र खालच्या खोलीत ठेवा. वर ठेवला, तर दर 15 सेकंदांनी मुलाची नजर भिंतीकडं जाईल आणि मुलीकडचे उगाच गैरसमज करून घेतील.