अर्धा नवरा

दर रविवारी सकाळी मी सात-आठ पोरापोरींना फोटोग्राफी शिकवतो. वर्गाच्या भिंतीवर माझ्या पहिल्या लग्नाचा फोटो आहे. म्हणजे मी फोटो काढले त्या पहिल्या लग्नाचा; माझं स्वतःचं एकच झालं. फोटोत नवरी आहे, मुंडावळ्या आहेत, हारही आहे. नवरा मात्र नाही. त्याच्या जागी काळाकुट्ट पट्टा आहे.

१९९४ साल, कऱ्हाड. उसना पेंटॅक्स के-१००० आणि छत्तीसचा रोल. त्या कॅमेऱ्याचा कापडी पडदा आडवा सरकतो. फ्लॅश लावला की शटर ६० च्या वर न्यायचं नाही. नेलं, तर पडदा एकीकडून उघडतोय तोवर दुसरीकडून मिटायला लागतो आणि फ्लॅश उडतो तेव्हा निम्मी फिल्म झाकलेलीच असते. हे मला तोंडपाठ होतं. पण मुहूर्ताच्या धांदलीत शटरची चकती सरकली आणि १२५ वर जाऊन बसली. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घातले गेले. मी आपला फ्लॅश उडवतोय. कुणी कुठल्या बाजूला थांबायचं ते गुरुजींनी एकदा ठरवलं आणि दोघांनी ते निष्ठेने पाळलं. त्यामुळे रोलभर अंधार एकाच माणसाच्या वाट्याला आला.

प्रिंट बघून वरपिता म्हणाले, “आमचा मुलगा लग्नाला आला होता हो!” वधूपिता व्यवहारी. म्हणाले, “फोटो अर्धे, पैसेही अर्धे.”

मुलांना मी हीच गोष्ट पहिल्या दिवशी सांगतो. मग येतो भिंगाच्या छिद्राचा घोळ. “सर, २.८ ला भोक मोठं आणि १६ ला लहान, हे उलटं कसं?” मी म्हणतो, अर्धी भाकरी मोठी की चतकोर? आकडा छेदात असतो बाबा, तो वाढला की तुकडा लहान होतो. एवढं कळतं. “मांडवात कसं वागायचं?” याला मात्र सूत्र नाही. तिथे नवरीचा मामा, नवऱ्याची आत्या आणि मोबाइल उंचावून आपल्यापुढे उभा ठाकलेला भाचा, असे तिघेही आपले साहेब. आपलं जेवण शेवटच्या पंगतीला. तोवर जिलेबी संपलेली आणि मठ्ठा उरलेला. सगळ्या मांडवात आपली कदर एकट्या गुरुजींना. ‘सावधान’ म्हणण्याआधी ते हळूच आपल्याकडे बघून घेतात.

एकट्या माणसाचा फोटो काढणं त्याहून अवघड. ‘हसा’ म्हटलं की माणूस दात दाखवतो, तेही दाताच्या डॉक्टरांना दाखवावेत तसे. त्यावर माझी युक्ती आहे. एकदा खोटं बटण दाबायचं आणि “झालं!” म्हणायचं. माणूस श्वास सोडतो, खांदे उतरतात, चेहरा आपल्या मूळ जागी येतो. खरा फोटो तेव्हा काढायचा.

२०१९ साली एक जोडपं स्टुडिओत आलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. काकूंनी पिशवीतून अल्बम काढला आणि माझ्या पोटात गोळा आला. काळा पट्टा मी लांबूनच ओळखला.

“काकू, तेव्हा फार मोठी चूक झाली हो माझ्याकडून.”

“चूक कसली? पुढे काय होणार ते तुम्ही आधीच दाखवलंत. पंचवीस वर्षं भांडी घासताना, पोरांचा अभ्यास घेताना शेजारी बघितलं, की हे असेच दिसायचे!”

काका आधी खाकरले, मग एवढे हसले की चष्मा नाकावरून घसरला. काकूंनी तो पदराने पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

असा क्षण हेरायला मी इतकी वर्षं शिकवतोय. आणि तेव्हा मी काय करत होतो? मान खाली घालून शटरचा आकडा तपासत होतो. तिसऱ्यांदा.

फोटो काढला तो मागे दिवा धरून उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थिनीने, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर. जरा हललाय. पण दोघंही पूर्ण आलेत.