जुन्या फिश टँकची कैफियत

जुना फिश टँक विकणारा माणूस तीन गोष्टी हमखास सांगतो. टँक एकदम चांगला आहे, स्टँड असाच देऊन टाकतो, आणि घरात जागा नाही म्हणूनच काढतोय. तुम्ही घेतला असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे. नसेल तर चहा घ्या आणि नीट ऐका. या तिन्हींतली शेवटची तेवढी खरी ठरते.

पहिला अन्याय इथेच आहे. कोरडा टँक गळत नाही, आणि विकताना तो नेहमी कोरडाच असतो. माळ्यावर पडून काचांवर क्षारांचे पांढरे थर चढलेले असतात. ते व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने निघतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाणी भरलं, की तळाच्या कोपऱ्यात एक थेंब उभा राहतो. पुसला की पुन्हा येतो. विकणाऱ्याला फोन करावा तर उत्तर तयार : "आमच्याकडे कधी गळला नाही."

मग सांधे पुन्हा भरायला सिलिकॉन. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, त्यामुळे आतलं सगळं ब्लेडने खरवडून काढावं लागतं. हार्डवेअरच्या दुकानात मागितलं की दुकानदार बाथरूमचं काढून देतो आणि वर अभिमानाने सांगतो, "याला बुरशी धरत नाही, साहेब." बुरशी धरत नाही कारण त्यात बुरशीनाशक असतं, आणि तेच माशांच्या जिवावर उठतं. ही गोष्ट ट्यूबवर ठळक छापायला कुणाची हरकत असावी? योग्य सिलिकॉन मिळालं, तरी ते पक्कं होऊन त्याचा आंबूस वास पुरता जाईपर्यंत टँक घरातली जागा अडवून बसतो.

आता स्टँड, जो 'असाच' मिळाला. लोखंडी अँगलवर चकचकीत काळा ऑइलपेंट असतो. पॉलिश पेपर लावला की रंगाखालून गंजाचे पापुद्रे सुटतात. कुणीतरी गंज न काढता, रेड ऑक्साइडचा हात न देता वरून रंग फासलेला असतो. ही सरळसरळ फसवणूक आहे. हिशोब करा : तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टँक म्हणजे साडेचार घनफूट. त्यात सुमारे 127 लिटर पाणी, म्हणजे 127 किलो वजन. काचा, वाळू, दगड वेगळे. एवढा भार ज्याच्यावर ठेवायचा, त्याचा एक पाय आखूड! पाणसळ लावली की बुडबुडा एका बाजूला पळतो. वाकड्या स्टँडवर काचेला पीळ बसतो आणि तो ताण नेमका कोपऱ्यातल्या सांध्यावर येतो. त्या थेंबाचं मूळ या फुकट स्टँडमध्ये असू शकतं. पाय सरळ करून घ्या, वर थर्माकोलची शीट अंथरा, मग टँक ठेवा. हे सगळं घेणाऱ्यानेच करायचं, स्वतःच्या खर्चाने.

एवढं झाल्यावर घरचे आणि शेजारी विचारतात, "मासे कधी आणणार?" नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवावं लागतं. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर सगळे मासे एकदम सोडणं म्हणजे त्यांना मारणं. हे समजावून सांगेपर्यंत चहा निवतो, आणि जाताना शेजारी म्हणतो, "नवाच घ्यायचा होता."

नवा का? काच जुनी झाली म्हणून वाईट होत नाही. नीट जोडलेला टँक वर्षानुवर्षं चालतो, तो भंगारात का जावा? म्हणून मागणी एकच आहे. विकणाऱ्याने टँक त्याच्याच स्टँडवर ठेवावा, काठोकाठ भरावा, खाली वर्तमानपत्र पसरावं आणि 24 तास तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याने तो कागद हाताने चाचपून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत. एवढी तयारी नसेल, तर विकणाऱ्याने टँकचे पैसे मागू नयेत. पाच काचांचे मागावेत.