घोटाघोटानं आटणारा मळा

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरच्या वाइनच्या चवसहलीत मार्गदर्शक सांगतो ते सगळं खरं असतं: ज्वालामुखीच्या राखेत फिलॉक्सेरा कीड टिकत नाही, वाऱ्यापासून वाचावी म्हणून आसिर्तिको द्राक्षाची वेल जमिनीलगत टोपलीसारखी वळवतात, पाऊस तुटपुंजा म्हणून ती समुद्राकडून येणाऱ्या दमटपणावर भागवते. वाइनसोबत चाखायला मिळणारा ‘फावा’ तर विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीचा भाऊबंद. फक्त त्याचं नशीब थोर, युरोपीय संघानं त्याला मानांकन दिलंय. कोणी म्हणेल, या सहलींमुळेच तर द्राक्षाला भाव येतो. येतो की! पण त्याच पाहुण्यांना खोली लागते, खोलीपुढे पोहण्याचा तलाव लागतो आणि त्यासाठी मळाच विकला जातो. द्राक्ष कितीही महागलं तरी त्याखालची जमीन त्याहून महाग. तेव्हा मळे वाचवायला आणखी सहली काढा, हा उपाय दुसऱ्या पेल्यानंतरच पटतो.