मास्तरचे पस्तीस

रात्री साडेअकराला, राक्षस मेलेला असो वा आम्ही, मास्तर फासे मोजायला बसतो. हळदीकुंकू आटोपल्यावर काकू चमचे मोजतात, तसे. चार बाजूंच्या टोकदार फाशापासून वीस बाजूंच्यापर्यंत एका संचात सात, खेळाडू पाच, एकूण ३५. चौतीस भरले की सोफा उचलायचा.

हा माणूस तुमच्याकडेही असेल. कुठे क्रिकेटचं किट त्याचं, कुठे ट्रेकचा दोर. आमच्या कोथरूडच्या कंपूत तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डंजन मास्टर निघाला, म्हणून मास्तर. नियमांची पुस्तकं त्याची, नकाशे त्याचे, पेन्सिली, खोडरबर, खारे शेंगदाणेसुद्धा त्याचेच. लॉकडाऊनमध्ये खेळ संगणकावर गेला, तेव्हा ‘फाउंड्री’ही त्यानेच घेतलं. त्यात परवाना एकट्या यजमानाने घ्यायचा, बाकीचे ब्राउझरमधून फुकट आत. करणाऱ्यांनी मास्तर ही जात बरोबर ओळखलीय.

वर्गणीचं नाव काढलं की, “बघू नंतर.”

माझ्या मते हे चूक आहे. आठवडाभर गोष्ट रचायची याने, आणि खिशालाही चाट यालाच? मूळ नियम फुकट मिळतात, फासे काही सोन्याचे नसतात. शिवाय उसन्या फाशावर एक पडला की आपण मालकाला शिव्या घालतो, तो फायदा वेगळा.

एकदा मी ज्ञान पाजळलं. गायगॅक्स आणि आर्नेसनचा हा खेळ १९७४ सालचा. पुढे फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीने खोक्यात अंक छापलेले कागदी तुकडे घातले होते. आम्हालाही तेच दे, हिशेब मिटला. पुढच्या शनिवारी पाच पाकिटं तयार! प्रत्येकात सत्तर चिठ्ठ्या, हाताने कापलेल्या. एकाने पंखा लावला. रात्री एक वाजता ३४९ भरल्या.

शेवटी मी स्वतःचा निळा संच घेऊन गेलो. पंगतीला घरून ताट आणणाऱ्याकडे पाहावं, तसं मास्तरने पाहिलं. “आपले चालत नाहीत का?” रात्री पस्तीस मोजून झाल्यावर माझे सात त्याने दोन बोटांनी माझ्याकडे सरकवले. एकदा पैसे मागितले की माणसं हिशेबाने येतात, आणि हिशेबानेच यायची थांबतात, अशी त्याला भीती असावी. विचारायला जीभ रेटली नाही.

आता एक जण टोरांटोला आहे, एकीचं बाळ रात्री झोपत नाही. आम्ही तिघंच उरलोय. २१ फासे पुरतात, तरी मास्तर पाचही संच मांडतो. “आलं कोणी तर?”

निळा संच हल्ली मी घरीच विसरतो. परवा चौतीस भरले.

सोफा मी उचलला.