बाजूने बघणारे

टीव्ही समोरून बघायचा असतो हा तुमचाआमचा गैरसमज. कोपरला आमच्या सोसायटीतले काका पाहुण्याला आधी सोफ्यावर बसूच देत नाहीत. थेट भिंतीशी नेतात, मान वाकडी करायला लावतात आणि विचारतात, "कड दिसते?" आपण भिडस्त माणसं. "छे, कुठे!" म्हणतो. मग काका फुलतात आणि चहा येतो.

असा एक तरी गृहस्थ हल्ली प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतो. दुकानात तो चित्र बघत नाही, करंगळी लावून जाडी मोजतो. "सर, यातला काळा बघा," असं सेल्समन म्हणाला, तर काकांनी त्याला सुनावलं, "काळा काय बघायचा? तो बंद असतानाही दिसतो!"

खरं तर तिथेच घोडं पेंड खातं. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, मागून दिवे लावावे लागतात. पडद्यामागे सगळीकडे एलईडी पेरून अंधाऱ्या भागातले तेवढे मालवायची सोय केली, तर काळा बराचसा काळा राहतो. पण त्याला जागा लागते. सडपातळ व्हायचं तर दिवे कडेला न्यायचे आणि तिथून उजेड आत पसरवायचा. सोनीने २००८ साली याच युक्तीने जेमतेम ९.९ मिलिमीटर जाडीचा ४० इंची संच काढला. युक्ती नामी, पण कुठे जायचं नाही हे उजेडाला कोण सांगणार? काकांकडे 'रात्रीस खेळ चाले'चे जुने भाग लागले की कोकणात काळोख आणि पडद्याच्या चारी कोपऱ्यांत पहाट. भूत यायच्या आधीच उजाडलेलं! काका त्याला चांदणं म्हणतात. अमावास्येलासुद्धा.

तिसऱ्या मजल्यावर एकांकडे पॅनासोनिकचा प्लाझ्मा अजून चालू आहे. कंपनीने ते पॅनेल बनवणं २०१३ च्या अखेरीस बंद केलं. जाडजूड, वजनदार, विजेला खादाड. काका त्याला 'कपाट' म्हणतात. मात्र भुताचा भाग असला की सहज गप्पा मारायला म्हणून तिकडेच जाऊन बसतात.

बरं, एवढ्याशा पोटात स्पीकर मावणार कुठे? काकांच्या टीव्हीचा आवाज खालच्या बाजूने, नाकात बोलल्यासारखा येतो. त्यात कोपरला खालून कल्याणच्या लोकल आणि वरच्या पुलावरून दिवा-वसई. गाडी गेली की संवाद गेला. म्हणून साउंडबार आला, त्याच्यासाठी फळी आली, फळीवर सेट-टॉप बॉक्स आणि वायरींचा गुंता. मागच्या स्टँडने टीव्ही भिंतीपासून चार बोटं पुढे काढलाय, ती मोजायची नसतात.

मोठ्या कंपन्याही हेच करतात म्हणा. एलजीचा २०१७ सालचा ६५ इंची ओएलईडी तीन मिलिमीटरहूनही पातळ होता, पण आतलं सगळं सामान खालच्या साउंडबारमध्ये कोंबलेलं. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो नि विझतो, म्हणून तो पातळ असूनही खरा काळा दाखवतो, असं मी सांगू लागलो. काका तीन मिलिमीटरपाशीच थांबले होते.

परवा त्यांना नवीन शोध लागला. एलजीने २०२० मध्ये कोरियात गुंडाळून पेटीत जाणारा टीव्ही विकायला काढला होता. "म्हणजे जाडी शून्य!" काका म्हणाले.

काकूंनी मोबाइलवरची मालिका थांबवली. "आणि पेटीची?"