खेचराच्या चालीचा रस्ता

चांगला कच्चा रस्ता तयार व्हायचा, तर आधी कुणाचं तरी दिवाळं निघावं लागतं. वॉशिंग्टनच्या बाजूला राहायला आल्यापासून माझं हे मत झालं आहे आणि सायकलवर बसलो की ते आणखी पक्कं होतं. इथे जॉर्जटाऊनपासून कंबरलँडपर्यंत पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने १८४.५ मैलांची, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटरची एक वाट जाते. तिच्यावर मोटार नाही, मोटारसायकल नाही. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला जुना कालवा, वर सिकॅमोरची झाडी आणि चाकाखाली माती, खडी, जिथे डागडुजी झाली आहे तिथे दगडाचा चुरा. एवढं सुख कुणी सरकारी बैठकीत ठरवून दिलं असेल, हे मला पहिल्यापासून खरं वाटत नव्हतं. तसं ते दिलेलं नाहीच.

४ जुलै १८२८ला अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी चेसापीक अँड ओहायो कालव्याचं भूमिपूजन केलं. पहिला घाव नेमका झाडाच्या बुंध्यावर बसला आणि माती काही निघेना. तेव्हा अध्यक्षांनी कोट काढून ठेवला आणि पुन्हा हात चालवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे असं झालं असतं तर संध्याकाळपर्यंत दोन अभियंते निलंबित झाले असते. पण खरा अपशकुन बुंध्याचा नव्हताच. त्याच दिवशी तिकडे बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची कोनशिला बसत होती. दोघांना एकाच खोऱ्यातून पश्चिमेला जायचं होतं. रेल्वे १८४२मध्ये कंबरलँडला पोहोचली. कालवा पोहोचला १८५०मध्ये, आणि तिथेच त्याचे पैसे आणि उमेद दोन्ही संपली. ओहायो नदी कालव्याच्या नावात राहिली ती राहिलीच.

तरीही तो १९२४पर्यंत रेटला गेला. कोळसा वाहायचा, पूर आला की फुटायचा, डागडुजी करून पुन्हा चालू व्हायचा. १८८९च्या पुरानंतर तर तो कर्जापायी त्याच रेल्वेच्या ताब्यात गेला. स्पर्धेत हरलेल्या माणसाला जिंकणाऱ्याच्या घरी भाड्याने राहावं लागावं, तशी ही गत. १९३८मध्ये सरकारने तो वीस लाख डॉलरला विकत घेतला आणि पुढे एका शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं की ही तयार जागा आहे, हिच्यावरून मोटारींसाठी छान निसर्गरम्य मार्ग काढू. वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेख लिहून दुजोराही दिला.

त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर पत्र लिहिलं, की या माझ्याबरोबर, सबंध वाट चालून बघा आणि मग बोला. मार्च १९५४मध्ये मंडळी निघाली. डग्लस धरून फक्त नऊजण अखेरपर्यंत चालले. संपादक त्या नऊंत नव्हते, पण मत बदलण्यापुरते नक्कीच चालले, कारण वर्तमानपत्राने आपली भूमिका सौम्य केली. १९७१मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. न्यायमूर्तींनी न्यायालयाबाहेर पायांनी दिलेला हा निकाल अजून कुणी फिरवलेला नाही.

हे सगळं मी माझ्या मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. मामा पाटबंधारे खात्यात होते. प्रवरेच्या डाव्या कालव्यावर आधी पाटकरी, मग कालवा निरीक्षक. सगळी नोकरी पाटाच्या भरावावरून सायकल मारण्यात गेली. मी लहानपणी सुट्टीत त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून त्या मुरमाच्या रस्त्याने फिरलो आहे. डावीकडे बाभळी, उजवीकडे मातकट पाणी, आणि मधूनच कुणीतरी रात्रीतून टाकलेला चोरटा पाइप, तो दिसला की मामा खाली उतरून ज्या भाषेत बोलत ती मी इथे देत नाही. तर असे हे मामा सप्टेंबरात आमच्याकडे आले आणि मी त्यांना कालव्यावर घेऊन गेलो. त्यांनी कोरड्या, गवत उगवलेल्या खळग्याकडे बराच वेळ पाहिलं.

“आवर्तन कधी सुटतं?”

“मामा, शंभर वर्षांपूर्वी शेवटचं सुटलं.”

“आणि शंभर वर्षं एवढी जागा मोकळी? अतिक्रमण नाही?”

“नाही.”

पुढच्या लॉकपर्यंत ते गप्प होते.

लॉकपाशी मात्र त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. आपले पाट वाहण्यासाठी असतात, त्यामुळे त्यांना सतत थोडा उतार लागतो. हा कालवा होड्यांसाठी, म्हणून त्यातलं पाणी जवळजवळ उभं असायला हवं. चढायचं तर मध्ये दगडी कुंड, म्हणजेच लॉक, बांधायचं, होडी आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं, होडी वर. अशी ७४ कुंडं मिळून सबंध वाटेत चढ किती, तर ६०५ फूट. २९७ किलोमीटरमध्ये! सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत याच्या तिप्पट चढ आहे आणि तो आपण पिठलं-भाकरीच्या आशेवर दीड-दोन तासांत चढतो. इथे सायकल मैलोगणती सपाट चालते, लॉक आलं की दहा-पाच पावलांचा चढ, की पुन्हा सपाट. आळशी माणसाला घाम न गाळता शूर वाटावं, असा हा सगळा बेत आहे, आणि तो माणसासाठी केलेलाच नव्हता. तो खेचरासाठी होता. दोन-तीन खेचरं दोर ओढत या वाटेवरून चालायची आणि मागून नव्वद फूट लांबीची, शंभर टनांहून जास्त कोळसा भरलेली होडी यायची. सहा तासांची पाळी झाली की दमलेली खेचरं होडीतल्या तबेल्यात चढायची आणि ताजी जोडी खाली उतरायची.

“म्हणजे पाळी संपली की बैल गाडीत बसणार आणि दुसरे बैल ओढणार,” मामा म्हणाले. “युनियन होती का त्यांची?”

मामांचं दुसरं आश्चर्य माझ्या सायकलबद्दल होतं. हिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र चांगले चार-साडेचार सेंटिमीटर रुंद आणि हवा जरा कमी, म्हणजे खडीवर दणके बसत नाहीत. मामांनी किंमत विचारली. मी डॉलरमध्ये सांगितली, हाही आपल्याकडचा जुना उपाय. पण त्यांनी तोंडी हिशोब करून रुपये काढले.

“आमच्याकडे रस्त्याला डांबर पडावं म्हणून लोक तहसील कचेरीवर मोर्चे नेतात,” ते म्हणाले, “आणि तू डांबर चुकवायला एवढे पैसे घातलेस?”

याला उत्तर आहे, पण ते कालवा निरीक्षकाला पटण्यासारखं नाही. डांबरी रस्त्यावर सायकलवाल्याचा निम्मा मेंदू पाठीमागे असतो. मागून काय येतंय, ते किती मोठं आहे, त्याचा चालक फोनवर आहे का. तो निम्मा मेंदू इथे पहिल्या तासातच मोकळा होतो आणि मग करायचं काय हे त्याला कळत नाही. तो दहावीच्या भूगोलाच्या मास्तरांचं आडनाव आठवत बसतो. मध्येच ओंडक्यावर ओळीने ऊन खात बसलेली कासवं दिसतात. आपण जवळ गेलो की ती क्रमाने पाण्यात पडतात, बहुधा ज्येष्ठतेनुसार. निळसर बगळा आपल्याकडे बघतो आणि काही विशेष नाही असं ठरवून पुन्हा पाण्याकडे बघतो. वेगाची मर्यादा ताशी पंधरा मैल आहे. मला ती मोडता आली असती तर मी तिच्याबद्दल तक्रार केली असती.

गर्दीचा एकच अनुभव येतो तो शनिवारी-रविवारी जॉर्जटाऊनच्या बाजूला. मागून सायकलवाले “ऑन युअर लेफ्ट” असं ओरडत येतात. म्हणजे मी तुझ्या डाव्या हाताने पुढे जातोय. पण डावीकडचं नाव ऐकलं की आपल्या माणसाचं हँडल आज्ञाधारकपणे डावीकडे वळतं. मामा तर प्रत्येकाला “हो, या या” म्हणत वाट देत होते. सगळ्यांनी हसून आभार मानले.

मोनॉकसी नदीवर कालवाच नदी ओलांडून जातो. सात कमानींचा, ५१६ फूट लांबीचा दगडी जलसेतू, १८३३मध्ये पुरा झालेला. १८६२मध्ये यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याने तो उडवायचा बेत केला होता. दगडाने दाद दिली नाही. मामांनी सांध्यांवरून हात फिरवला, कठड्यावरून वाकून कमानी मोजल्या आणि एवढंच म्हणाले, “याचं बिल वेळेवर निघालं असणार नाही.” खात्यातली माणसं दुसऱ्या खात्यातल्या कामाचं यापेक्षा जास्त कौतुक करत नाहीत.

तंबू टाकायच्या जागांवर पाण्यासाठी हापसे आहेत. हे मला या देशात आल्यावर सर्वांत जास्त आवडलेलं सार्वजनिक बांधकाम. पाण्याला आयोडिनची चव असते, पण दांडा तोच, आवाज तोच, आणि दोनदा हापसल्यावर पाणी येणार नाही अशी वाटणारी भीतीही तीच. रात्री नदीपलीकडून मालगाड्यांचे भोंगे ऐकू येतात. रेल्वेमार्ग अजून चालू आहे आणि जिंकल्याचं तो दर रात्री कळवतो.

कंबरलँडला ही वाट संपत नाही. पुढे पिट्सबर्गपर्यंत १५० मैलांची ग्रेट अलेगेनी पॅसेज आहे, आणि तिच्या बुडाशी वेगळं दिवाळं आहे. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने सोडून दिलेल्या मार्गावर तिचा मोठा भाग आहे, रूळ काढून चुनखडीचा चुरा दाबून बसवलेला. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे, त्यामुळे डोंगर असूनही चढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपासच. २,३९२ फुटांवर पूर्वेचा पाणलोट दुभंगतो. इकडचा पाऊस चेसापीकच्या खाडीत, तिकडचा ओहायो-मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखातात. सह्याद्रीच्या कड्यावर वाढलेल्यांना यात नवल नाही. महाबळेश्वरला एका छपराचं अर्धं पाणी कोकणात उतरतं आणि अर्धं बंगालच्या उपसागराकडे निघतं, त्याचा कुणी गाजावाजा केलेला नाही इतकंच.

मामांना एवढं दूर नेणं शक्य नव्हतं, म्हणून गाडीने पॉपॉ गावी गेलो. पॉपॉ हे फळाचं नाव. नदीकाठच्या सावलीत त्याची झाडं दाट आहेत आणि सप्टेंबरात फळ पिकतं. हिरवं, हाताच्या मुठीएवढं, आत पिवळट मऊ गर आणि काळ्या मोठ्या बिया. झाड सीताफळाच्याच कुळातलं. मामांनी एक फोडून खाल्लं, बिया एकेक करून रुमालात ठेवल्या आणि म्हणाले, “सीताफळच आहे. परदेशात राहून अंगाने वेगळं झालंय.” माझ्याकडे बघून म्हणाले की झाडाकडे, हे मला कळलं नाही.

गावाजवळ कालव्याचा बोगदा आहे. लांबी ३,११८ फूट. कंत्राटदार ली मॉंटगोमेरी हा मेथडिस्ट धर्मोपदेशक. दोनेक वर्षांचं काम १८३६ ते १८५०पर्यंत चाललं आणि त्यात तो बुडाला. बोगद्यात एका वेळी एकच होडी मावते. तेव्हा एकदा दोन बाजूंनी दोन होड्या आत शिरल्या आणि कुणी मागे सरेना, मागे रांगा लागल्या, दिवस गेले, शेवटी कंपनीने तोंडाशी मक्याची ताटं पेटवून दोघांना धुराने बाहेर काढलं, अशी गोष्ट सांगतात. वाहनमुक्त रस्त्याची ही वाहतूक कोंडी ऐकून मामांना पुणे आठवलं.

आत मिट्ट काळोख. सायकल हातात धरून, विजेरी लावून, कठड्याच्या आतल्या अरुंद वाटेने चालायचं. अर्ध्यात समोरून पाच-सहा सायकलवाल्यांचा उजेड आला. समोरचे थांबले आणि म्हणाले, तुम्ही या. आम्ही म्हटलं, नाही, तुम्ही या. ते भिंतीला टेकले, आम्ही कठड्याला टेकलो. कुणीच निघेना. मामांनी विजेरी त्यांच्या तोंडावर धरली, मग माझ्या, आणि विचारलं, “ताटं आहेत का कुणाकडे?”